जखम भरते ती नेमकी कुणामुळे? (आईचा पाय आणि 'इम्युनिटी')

अबोली · सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आई ६९ वर्षांची, मधुमेह १८ वर्षांपासून. आम्ही लालबागला चाळीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. गणपतीच्या खरेदीला ती नवी चप्पल घालून गेली आणि उजव्या अंगठ्याखाली, तळव्याला चप्पल लागली. तिला दुखलंच नाही, पायांची जाणीव दोन-तीन वर्षांपासून कमी झाली आहे. रात्री मोरीत पाय धुऊन ती आत आली, तेव्हा लादीवर एक पाऊल पाण्याचं उमटलं आणि एक लालसर. मला कळलं ते असं.

त्याला आता सात आठवडे झाले. जखम रुपयाच्या नाण्याएवढी आहे. वाढत नाही, पण भरतही नाही. कडा पांढरट आणि जाड, मध्ये पिवळट थर, भोवती सूज. जवळच्या दवाखान्यात एक दिवसाआड ड्रेसिंग करून आणतो. घरी येणारा प्रत्येकजण एकच सांगतो, "प्रतिकारशक्ती कमी झालीय." औषधाच्या दुकानात 'इम्युनिटी वाढवणारी' पावडर गळ्यात मारली, डबा १,४०० रुपयांचा. शेजारच्या काकू काढा आणून देतात.

माझा प्रश्न साधा आहे. प्रतिकारशक्ती जंतूंशी लढते एवढं शाळेत शिकले. पण जखम *भरण्याशी* तिचा काय संबंध? ती वाढवली तर जखम लवकर भरेल का? आणि ती कमी झालीय म्हणता, तर मग सात आठवडे सूज कशी टिकून आहे?

---

कसारा_फास्ट · सोमवार, रात्री १०:५८

बाकी चर्चा होत राहील, आधी एक सांगतो. मधुमेहाच्या पायाला काळपटपणा आला, वास यायला लागला, ताप आला किंवा लाली वर घोट्याकडे सरकली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. सकाळची वाट बघू नका. माझ्या वडिलांची दोन बोटं या 'उद्या बघू' मध्ये गेली.

---

दुपारचा_चहा · सोमवार, रात्री ११:१०

अबोली, काढ्याला नावं ठेवू नकोस. गुळवेल, हळद, तुळस, आले. आमच्या घरी तीन पिढ्या घेतायत. प्रतिकारशक्ती चांगली असेल तर शरीर स्वतःच सगळं दुरुस्त करतं. पावडरीचं मला माहीत नाही, पण काढ्याने नुकसान तर होत नाही ना?

---

पाटीपेन्सिल · मंगळवार, सकाळी ६:५०

अबोलीताई, मी परळच्या एका शाळेत ३१ वर्षं जीवशास्त्र शिकवलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. तुमचा तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कातडी फाटली की पहिलं काम रक्तातल्या प्लेटलेट्सचं. त्या एकमेकींना चिकटून भोक बुजवतात आणि त्याच वेळी आजूबाजूला रासायनिक हाका मारतात. त्या ऐकून काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात. पहिल्या एक-दोन दिवसांत त्यांची गर्दी सर्वांत जास्त असते. जंतू गिळायचे, मारायचे आणि स्वतःही मरून जायचं. पू म्हणजे बहुतेक त्यांचीच प्रेतं.

दोन-तीन दिवसांनी मॅक्रोफेज येतात, मराठीत भक्षकपेशी म्हणू. खरी गोष्ट इथे सुरू होते. त्या आधी जंतू, मेलेलं मांस आणि मेलेले न्यूट्रोफिल खाऊन टाकतात. आणि मेलेले न्यूट्रोफिल खाता खाताच त्यांचा स्वभाव पालटतो. कालपर्यंत सूज वाढवणारी द्रव्यं सोडणारी पेशी आता सूज उतरवणारी आणि वाढीला चालना देणारी द्रव्यं सोडू लागते. त्या हाकेने नव्या रक्तवाहिन्या फुटतात, फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येऊन कोलॅजेन या प्रथिनाचे धागे विणतात, आणि कडेची कातडी आत सरकू लागते. चाळ पाडताना ज्यांच्या हातात घण होता त्यांनीच दुसऱ्या दिवशी थापी घ्यावी, तसं.

१९७० च्या दशकात सिएटलमध्ये रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगवर प्रयोग केले. न्यूट्रोफिल काढून टाकले तरी स्वच्छ जखमा नेहमीसारख्या भरल्या. १९७५ साली मॅक्रोफेज घटवून पाहिले, तर घाण साचून राहिली आणि कोलॅजेन विणणाऱ्या पेशी यायलाच उशीर झाला. म्हणजे साफसफाई आणि बांधकाम या दोन खात्यांचा मुकादम एकच.

आता तुमची आई. रक्तातली साखर जास्त असली की न्यूट्रोफिल जंतू मारायला मंदावतात. म्हणून प्रतिकारशक्ती कमी, हे अर्धं खरं. पण त्याच जखमेत मॅक्रोफेज पहिल्याच अवस्थेत अडकून पडतात, घण खाली ठेवतच नाहीत. सूज संपत नाही आणि बांधकाम सुरू होत नाही. सात आठवड्यांची सूज हे प्रतिकारशक्ती *थांबत नसल्याचं* लक्षण आहे. म्हणून 'वाढवायची' हा शब्दच मला इथे चुकीचा वाटतो. तिला पुढच्या पायरीवर न्यायचं आहे.

---

अबोली · मंगळवार, सकाळी ८:०५

सर, दोनदा वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या पायात अजून पाडापाडीच चाललीय."

---

रात्रपाळी_सिस्टर · मंगळवार, दुपारी ३:२०

मी पालिकेच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. नोकरीची २२ वर्षं झाली, त्यातली नऊ ड्रेसिंगच्या खोलीत. सरांनी लिहिलं ते आम्हाला रोज डोळ्यांनी दिसतं.

गॉज उघडलं की मी आधी रंग बघते. पिवळा, चिकट, ओल्या कागदासारखा थर असेल तर ती मेलेली घाण. काळा म्हणजे मेलेली कातडी. आणि लालबुंद, ओलसर, डाळिंबाच्या दाण्यांसारखं बारीक उठावाचं मांस दिसलं की माझा जीव भांड्यात पडतो. आम्ही त्याला 'दाणे आले' म्हणतो. गॉज काढताना त्यातून टिपकाभर रक्त आलं की नातेवाईक घाबरतात. मी सांगते, घाबरू नका, नव्या रक्तवाहिन्या आहेत, नाजूक आहेत.

अबोली, तुझ्या आईचा पिवळा थर आणि जाड पांढऱ्या कडा कुणी काढल्या का? ब्लेडने मेलेलं आणि कडेचं घट्ट झालेलं काढावं लागतं. ते डॉक्टरचं काम आहे, घरी नखाने किंवा कात्रीने चुकूनही नाही. ते काढलं की जुनी रेंगाळलेली जखम पुन्हा ताजी होते आणि शरीर पहिल्यापासून सुरुवात करतं. सात आठवडे नुसतं वरून पट्टी बदलण्यात गेले असतील तर घाणीवर पट्टी बांधली जातेय.

दुसरं, ती त्या पायावर चालते का? दुसरा मजला, मग नळ, संडास, देवळात, सगळं त्याच पायावर? दर पावलाला जखमेवर अख्खं वजन येतं. ते वजन काढल्याशिवाय कुठलंही मलम चालणार नाही.

तिसरं, पायाचा रक्तपुरवठा तपासला का? रक्त पोचलं नाही तर पेशी येणार कुठून? मधुमेहाच्या पायासाठी वेगळी ओपीडी असते तिथे दाखव. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणीही (HbA1c) करून घे.

---

गच्ची · मंगळवार, सायंकाळी ६:१५

सिस्टर, एक शंका. आमची आजी सांगायची की जखम उघडी ठेवा, ऊन लागू दे, कोरडी पडू दे, खपली धरली की भरलीच. आणि भात-वांगं बंद, पू होतो म्हणून. यातलं किती खरं?

---

रात्रपाळी_सिस्टर · मंगळवार, रात्री ९:००

भात आणि वांग्याने पू होत नाही. उलट अशा पथ्याने माणसं अर्धपोटी राहतात आणि जखमेला हवं असलेलं प्रथिनच पोटात जात नाही. मी म्हाताऱ्या माणसांना सांगते, डाळ घट्ट करा, अंडं चालत असेल तर रोज खा, मासे खा. पेरू, आवळा, लिंबू घ्या, कारण क जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजेन नीट विणलं जात नाही. मधुमेह असेल तर भात किती घ्यायचा हा साखरेचा प्रश्न, पुवाचा नाही.

खपलीचं म्हणाल तर आजीचा काळ वेगळा होता. १९६२ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेली उथळ जखम उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने कातडी धरते. नव्या पेशींना सरकायला ओल लागते. कोरड्या खपलीखाली त्यांना खोलवरून वाट काढावी लागते. ओलसर म्हणजे मात्र पाणी लागलेली नव्हे. पट्टीखालची आपलीच ओल.

---

मधला_डबा · मंगळवार, रात्री ९:४०

पाण्यावरून आठवलं. पावसाळ्यात हिंदमाता, सायन, कुर्ला इथे गुडघाभर पाण्यातून जाणाऱ्यांनी पायावरची लहानशी चीरसुद्धा गंभीरपणे घ्या. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) साथ आली होती. उंदरांच्या मुतातले जंतू त्या पाण्यात असतात आणि फाटलेल्या कातडीतून आत शिरतात. शेवटी कातडी हीच पहिली भिंत. पाण्यातून चालत घरी आलात तर पाय साबणाने धुवा, आणि जखम असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या.

---

जुनी_प्रयोगशाळा · बुधवार, सकाळी ११:३०

लालबाग-परळचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. मी परळ भागातल्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो, आता घरी असतो.

भक्षकपेशी पहिल्यांदा कशा उमगल्या त्याची हकीकत मी नव्या मुलांना आवर्जून सांगायचो. १८८२ सालचा डिसेंबर, सिसिलीतलं मेसिना गाव. इल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ घरी एकटा होता, घरची मंडळी सर्कशीला गेलेली. सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांमधल्या हिंडत्या पेशी तो बघत बसला होता. त्याच्या मनात आलं, या पेशी शरीराच्या रक्षणासाठी तर नसतील? तसं असेल तर काटा टोचल्यावर त्या काट्याभोवती जमल्या पाहिजेत. बागेतले गुलाबाचे काटे आणून त्याने पिल्लांच्या कातडीखाली खुपसले आणि रात्रभर झोप नाही. पहाटे पाहिलं तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडला होता. १९०८ साली पॉल एर्लिक यांच्याबरोबर त्याला नोबेल मिळालं.

आता परळशी नातं. मेचनिकॉफ ओडेसाला शिकवायचा तेव्हा त्याच्या हाताखाली एक विद्यार्थी होता, वाल्देमार हाफकिन. पुढे तो गुरूच्या मागोमाग पॅरिसला पाश्चर संस्थेत गेला, आणि १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला तेव्हा इथे आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर हाऊसमध्ये आली. १९२५ पासून तिचं नाव हाफकिन इन्स्टिट्यूट. आचार्य दोंदे मार्गावरून जाताना त्या फाटकाकडे बघतो तेव्हा मला ते गुलाबाचे काटे आठवतात.

---

कोळीवाडा · बुधवार, दुपारी १:१०

काका, वाचताना अंगावर काटा आला.

मी वरळी कोळीवाड्यातली. माझा प्रश्न लहानपणापासूनचा आहे. चिंबोरीची नांगी तुटली तर पुन्हा फुटते, आधी बारीक, मग कात टाकता टाकता मोठी. घरात पालीची शेपटी तुटते, महिन्याभरात नवी. आईचं बोट कोयत्याने कापलं ते मात्र वीस वर्षं तसंच आहे, टोकाला गुळगुळीत व्रण. माणसालाच का नाही?

---

पाटीपेन्सिल · बुधवार, सायंकाळी ५:४५

फार चांगला प्रश्न. आणि उत्तराची वाट पुन्हा त्याच भक्षकपेशींकडे जाते.

मेक्सिकोतला ॲक्सोलॉटल हा पाण्यातला सॅलॅमँडर आख्खा पाय पुन्हा उगवतो, हाडं, स्नायू, नसांसकट. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या शरीरातले मॅक्रोफेज काढून टाकले आणि मग पाय तोडला. पाय उगवला नाही, तिथे व्रण धरला, माणसासारखा. मॅक्रोफेज परत भरून आल्यावर पुन्हा तोडला, तेव्हा उगवला. पालीचंही असंच. पण नीट बघाल तर पालीची नवी शेपटी हुबेहूब नसते. आत मणक्यांऐवजी कूर्चेची एक नळी असते.

माणसातही थोडी शिल्लक आहे. पोटातल्या गर्भाला साधारण २४ आठवड्यांपर्यंत जखम झाली तर व्रण राहत नाही. लहान मुलांच्या बोटाचं अगदी टोक, शेवटच्या सांध्याच्या पुढचं, तुटलं तर टाके न घालता नुसतं झाकून ठेवल्यावर नखासकट पुन्हा येऊ शकतं. १९७४ साली शेफिल्डच्या डॉक्टर सिंथिया इलिंगवर्थ यांनी अशा मुलांची नोंद केली. उंदराच्या एक दिवसाच्या पिल्लाच्या हृदयाचा तुकडा काढला तर ते पुन्हा वाढतं, सात दिवसांचं झालं की नाही. आणि त्या एक दिवसाच्या पिल्लातूनही मॅक्रोफेज काढले तर वाढत नाही. यकृत तर मोठेपणीही वाढतं. उंदराचं दोन तृतीयांश यकृत काढलं तरी उरलेलं वाढून आठवडा-दहा दिवसांत पुन्हा तेवढं होतं, आणि त्याला सुरुवातीचा इशारा देणाऱ्यांत यकृतातल्याच भक्षकपेशी असतात.

आपण व्रण धरतो कारण आपलं शरीर घाईने भोक बुजवतं. घाण, जंतू, रक्तस्राव यांत जीव वाचणं महत्त्वाचं. तुमच्या आईंच्या बोटावरचा व्रण म्हणजे त्या घाईचा पुरावा आहे. व्रणाची ताकदही मूळ कातडीइतकी कधीच होत नाही, फार तर ८० टक्क्यांच्या आसपास पोचते.

---

फुलबॅक · बुधवार, रात्री १०:२०

थोडं बाजूला जातोय. मी शिवाजी पार्कला फुटबॉल खेळतो. गेल्या वर्षी घोटा मुरगळला. लगेच बर्फ, सूज उतरवणारी गोळी, चौथ्या दिवशी पुन्हा मैदानात. सहा महिने दुखला. सरांचं वाचल्यावर वाटतंय की सूज मारून मी चूक केली का?

---

दुपारचा_चहा · बुधवार, रात्री १०:३५

हेच तर मी म्हणते! सूज ही शरीराची भाषा आहे, गोळ्या घेऊन ती दाबायचीच नाही.

---

रात्रपाळी_सिस्टर · गुरुवार, सकाळी ७:३०

ताई, 'दाबायचीच नाही' म्हणू नका. वाढलेली सूज नसा दाबते, माणूस दुखण्याने झोपत नाही, तेव्हा औषध लागतंच. आणि डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड मनाने बंद करणं तर फार धोक्याचं.

पण फुलबॅक, पहिल्या दिवसांतल्या सुजेला काम असतं एवढं खरं. दुखापतीवर विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र १९७८ साली अमेरिकन डॉक्टर गेब मिर्किन यांनी रूढ केलं, आणि बर्फाने भरून येणं लांबू शकतं असं त्यांनीच पुढे कबूल केलं. तुझी खरी चूक मला चौथ्या दिवशी खेळायला उतरण्यात दिसते. दुखणं गेलं म्हणजे घोट्यातला ताणलेला दोर पुन्हा विणून झाला असं नाही.

---

अलिबाग_लाँच · गुरुवार, दुपारी १२:४०

हळदीचा उल्लेख आला म्हणून. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याचं पेटंट मिळालं होतं. त्याविरुद्ध सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने लढा दिला, तेव्हा प्रमुख होते आपले रघुनाथ माशेलकर, गिरगावात गरिबीत वाढलेले. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख पुरावा म्हणून दिला आणि १९९७ साली पेटंट रद्द झालं. तेव्हा हळद आपलीच.

---

रात्रपाळी_सिस्टर · गुरुवार, दुपारी २:१५

अभिमान आहेच. पण हात जोडून सांगते, मधुमेहाच्या उघड्या जखमेत डब्यातली हळद भरू नका. त्या डब्यात ओला चमचा गेलेला असतो, भेसळ असते, आणि पिवळ्या पुडीखाली जखमेचा खरा रंगच आम्हाला दिसत नाही. मागच्या महिन्यात एका आजोबांच्या टाचेतून हळद आणि कॉफीचा गोळा काढायला मला चाळीस मिनिटं लागली. ते गप्प बसून होते, त्यांना दुखतच नव्हतं. तेच जास्त वाईट.

---

खांडके_चाळ · गुरुवार, रात्री ८:५०

जखम भरत नाही याचं दुसरं टोक मी घरात बघतोय, इथे भरणं थांबतच नाही. भाऊ ३४ वर्षांचा, पंधराव्या वर्षापासून सुपारी आणि गुटखा. तोंड हळूहळू उघडेनासं झालं. डॉक्टरांनी तीन बोटं उभी घालायला सांगितली, जेमतेम एक जातं. सुपारीतल्या द्रव्यांनी गालाच्या आतल्या अस्तराला रोज इजा होते, सूज राहते, आणि शरीर कोलॅजेन विणतच राहतं. गाल आतून दोराच्या जाळीसारखा ताठ झालाय. त्याला आता तिखट सोसत नाही, भातही पातळ करून द्यावा लागतो. पुढे त्यातून कर्करोगाचा धोका आहे म्हणून दर काही महिन्यांनी परळला तपासायला जातो.

जखम भरू दे म्हणून सगळे देवाला हात जोडतात. आम्ही हे भरणं थांबू दे म्हणून जोडतो.

---

कोळीवाडा · गुरुवार, रात्री ९:१०

दादा, भावाला सांगा की हा धागा वाचणारे सगळे त्याच्या बाजूने आहेत. सुटली का सुपारी?

---

खांडके_चाळ · गुरुवार, रात्री ९:२५

अकरा महिने झाले. हो.

---

रातराणी · शुक्रवार, सकाळी ९:४५

अबोली, तुझ्याबद्दल कुणीच विचारलं नाही म्हणून मी विचारते. तू झोपतेस का?

१९९५ साली अमेरिकेत ओहायोमध्ये एक अभ्यास झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या घरच्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्या बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची लहानशी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. तशाच वयाच्या इतर बायकांपेक्षा त्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. सततच्या ताणाने कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढतं आणि जखमेवर यायच्या पेशींना उशीर होतो. मी सासूबाईंचं पाच वर्षं केलं. माझ्या हाताला भाजीची सुरी लागली तरी पंधरा-पंधरा दिवस चिघळायची, तेव्हा कारण कळत नव्हतं.

आईइतकंच स्वतःकडे बघ. ड्रेसिंगला एक दिवस भावाला पाठव.

---

अबोली · शुक्रवार, रात्री ११:५५

रातराणी, हे वाचून रडू आलं. भाऊ आहे, ठाण्याला. उद्या सांगते त्याला.

---

गच्ची · शनिवार, सकाळी १०:००

एक गोष्ट इथे सांगायची राहू नये म्हणून लिहिते. माझी मावसबहीण चार वर्षांपूर्वी गॅसच्या भडक्यात ४० टक्के भाजली. तिच्या अंगावर कुणा अनोळखी मृत माणसाची त्वचा लावली होती. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं की ही टिकणार नाही, दोन-तीन आठवड्यांत तिची प्रतिकारशक्ती ती परकी ओळखून फेकून देईल. पण तेवढे दिवस ती कातडी जंतू अडवते, अंगातलं पाणी राखते, वेदना कमी करते, आणि खाली शरीर तयारी करून घेतं. दुसऱ्या महायुद्धात पीटर मेडावर यांनी ग्लासगोमध्ये एका भाजलेल्या रुग्णात हे पाहिलं होतं: त्याच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावली तर पहिल्यापेक्षा लवकर फेकली जाते, म्हणजे शरीर लक्षात ठेवतं. त्याच धाग्याने पुढे जाऊन त्यांना १९६० साली नोबेल मिळालं.

सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत दान करता येतं, रक्तगट जुळावा लागत नाही, मांडी आणि पाठीचा अगदी पातळ थर घेतात, देह विद्रूप होत नाही. नेत्रदानाचं सगळ्यांना माहीत असतं, हे कुणी सांगत नाही. घरी बोलून ठेवा. माझी बहीण आज चालते-फिरते, आणि तिला जिची कातडी मिळाली त्या घरच्यांना आम्ही ओळखतही नाही.

---

जुनी_प्रयोगशाळा · शनिवार, सकाळी ११:२०

घरी बोललो. मी आणि सौ. दोघांची नावं आजच देतो.

---

अबोली · तीन आठवड्यांनी, सोमवार, रात्री १०:१५

धागा वर आणते. सगळ्यांना सांगायचं होतं.

त्या शनिवारी भाऊ आला आणि आईला मधुमेही पायाच्या ओपीडीत नेलं. रक्तपुरवठा तपासला, तो ठीक निघाला. तीन महिन्यांची साखर ९.८ टक्के होती, इन्सुलिन सुरू केलं. तिथल्या डॉक्टरांनी पिवळा थर आणि जाड कडा ब्लेडने काढल्या. आईला काहीच जाणवलं नाही, ती त्यांच्याशी गिरणीच्या संपाच्या गप्पा मारत होती. मी मात्र भिंतीकडे बघत होते. जखम आधीपेक्षा मोठी दिसायला लागली तेव्हा पोटात गोळा आला, पण सिस्टर, तुमचं वाक्य आठवलं, पुन्हा ताजी झाली म्हणून. मग पायाला असा साचा बसवला की वजन टाचेवर जातं आणि अंगठ्याखाली पोकळी राहते. ड्रेसिंगपुरता काढायचा, नाहीतर दिवसभर पायात. नळावर जाणं बंद. पाणी मी भरते, शेजारच्या काकू देवळातला प्रसाद वर आणून देतात. काढा अजून देतात, तो मी डॉक्टरांना विचारून बिनगुळाचा करून घेतलाय, कारण त्यात रोज दोन चमचे गूळ जात होता हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. पावडरीचा डबा बंद केला. मागे छापलेलं वाचलं तर दुसऱ्या क्रमांकाला साखरच होती.

---

दुपारचा_चहा · सोमवार, रात्री १०:४०

गुळाचं माझ्याही लक्षात आलं नव्हतं गं. आमच्या घरीही मधुमेही सासरे तोच काढा घेतात. उद्यापासून बंद.

---

रात्रपाळी_सिस्टर · मंगळवार, सकाळी ८:१०

दाणे आले का? आणि माप ठेवतेस ना? पट्टी काढल्यावर स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिक जखमेवर धरायचं, जखमेला न टेकवता, वरून पेनाने कड गिरवायची आणि तारीख घालायची. डोळ्यांना आठवड्याचा फरक कळत नाही, कागदाला कळतो. आईला हातआरसा दे, दोन्ही तळवे रोज तिने स्वतः बघायचे. दुसरा पायही.

---

अबोली · मंगळवार, रात्री ११:०५

दाणे आले, सिस्टर. तुम्ही म्हणालात तसेच, डाळिंबासारखे. तीन सोमवारची तीन प्लॅस्टिकं आहेत, कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहेत.

आज ड्रेसिंगच्या वेळी आईने स्वतः आरसा मागितला. ट्यूबलाइटखाली पाय मांडीवर घेऊन बराच वेळ बघत बसली. लाल मांसाच्या भोवती एक बारीक गुलाबी किनार आली आहे, ओल्या कागदाइतकी पातळ. तिने बोट न लावता दुरूनच दाखवली आणि म्हणाली, "ही कड मागच्यापेक्षा आत आलीय का गं?"

मी मागच्या आठवड्याचं प्लॅस्टिक काढून वर धरलं. आली होती, सुतळीभर.